ट्रकचं क्लायमॅटिक चेंबर सुधारायचंय: पैसा नक्की कुठे घालावा?

रोलरखालचा

राम राम मंडळी. चाकण पट्ट्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत नोकरी करतो. संस्थेचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

आमच्याकडे अवजड वाहनांसाठी चेसिस डायनो आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जमिनीत खड्डा, खड्ड्यात मोठे पोलादी रोलर, रोलरवर ट्रकची मागची चाकं. ट्रक साखळ्यांनी बांधायचा आणि जागच्या जागी पळवायचा. रस्ता, चढ आणि समोरची हवा यांचा विरोध रोलरला जोडलेला ब्रेक उभा करतो. सायलेन्सरला नळी लावून धूर टनेलमध्ये नेतात, तिथे तो स्वच्छ हवेत मिसळून मोजतात. या सगळ्याभोवती पफ पॅनलची (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या तक्त्यांची) मोठी खोली, तेच क्लायमॅटिक चेंबर.

आमचं चेंबर बीएस-३ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या नियमांचे टप्पे) जमान्यातलं. कागदावर १० ते ४० अंश. प्रत्यक्षात मे महिन्यात मोठा ट्रक पूर्ण लोडवर धरला की खोलीचं तापमान हळूहळू चढायला लागतं, आणि आम्ही आकड्याकडे बघत बसतो. ब्रेक एडी करंटचा, म्हणजे ट्रकने दिलेली सगळी ताकद पाणी गरम करण्यात जाते. त्यात जुलै २०१८ ला वजनांचे नियम बदलले: दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर, तीन आसांचा २५ वरून २८.५ वर, ट्रॅक्टर-ट्रेलर ५५ टनांपर्यंत. आमचा डायनो जुन्या वजनांच्या हिशेबाने घेतलेला.

आता वरून पैसे मिळायची चिन्हं आहेत. कोटेशनं आली आहेत आणि सगळ्यांचा जोर एकाच आकड्यावर आहे: उणे ३०. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बर्फाने माखलेला ट्रक. माझं मत असं की आपल्या कामाला उणे ३० हा मिरवायचा आकडा आहे. उणे १० वर थांबावं आणि उरलेला पैसा हवा कोरडी करण्यावर, सोक रूमवर (चाचणीआधी ट्रक त्या तापमानाला मुरवायची खोली), वजनाच्या खोलीवर (धुरातले कण पकडणाऱ्या फिल्टरचं वजन करतात ती) आणि वरच्या टोकाला, म्हणजे ५० अंशांवर घालावा. पण साहेबांना बर्फाचा फोटो आवडलाय. मुद्दे भक्कम हवेत. खोडून काढायचं असेल तर तेही चालेल.

दोन_टिपरवाला

मी या धंद्यातला नाही, मालक आहे, दोन टिपर आहेत. भाबडा प्रश्न विचारतो. पीयूसीवाला नळी घालतो, ड्रायव्हर रेझ करतो, कागद मिळतो. मग हे कोट्यवधींचं प्रकरण कशाला? शिवाय गाडी घेताना सेल्समन म्हणाला की इंजिन कंपनीतच पास होऊन आलेलं असतं.

रोलरखालचा

@दोन_टिपरवाला, पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं, ज्याला आम्ही नॉक्स म्हणतो, ती काळी नसतात. तिथे सापडणारच नाहीत.

सेल्समन मात्र खरं बोलला. अवजड वाहनांत प्रमाणपत्र मिळतं ते इंजिनाला. इंजिन सुटं, टेस्ट बेडवर बसवलेलं, १८०० सेकंदांचं ठरलेलं चक्र: एकदा थंड इंजिनाने, मग दहा मिनिटं थांबून एकदा गरम. निकालात थंड फेरीचा वाटा १४ टक्के, गरम फेरीचा ८६. आणि ‘थंड’ म्हणजे किती थंड? २० ते ३० अंश! पुण्यात याला आम्ही सुखद हवा म्हणतो.

बीएस-४ ला नॉक्स ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मर्यादा या चक्रावर ०.४६. साडेसात पट कमी. ही घट मुख्यतः इंजिनाच्या मागच्या डब्यांनी आणली, त्यातही एससीआरने: गरम धुरात युरियाचं पाणी फवारायचं, त्यातून अमोनिया सुटतो, तो नॉक्सचं साधं नायट्रोजन करतो. अडचण एवढीच की धूर साधारण २०० अंशांच्या खाली असेल तर युरिया नीट फवारता येत नाही. जबरदस्तीने फवारला तर नळीत पांढरे खडे धरतात. तुमचा टिपर रिकामा परत येतोय, वाटेत तासभर जॅम, वरून पाऊस सायलेन्सरवर पडतोय, अशा वेळी तो डबा तापतच नाही. टेस्ट बेडवर ना पाऊस, ना जॅम, ना चेसिसखालून जाणारा वारा.

म्हणून पेम्स आलं, गाडीवर यंत्र बांधून रस्त्यावर मोजायचं. पण रस्त्यावर तीच हवा पुन्हा मिळत नाही. आज नॉक्स जास्त आलं ते सॉफ्टवेअर बदललं म्हणून की ढग आले म्हणून, हे सांगता येत नाही. चेंबरमध्ये सांगता येतं. प्रमाणपत्राच्या कागदासाठी चेंबर लागत नाही, कारण शोधायला लागतं.

भोसरी_चिलर

वीसेक वर्षं शीतगृहं आणि असली चेंबरं बांधतोय. उणे ३० विकणाऱ्यांपैकीच एक समजा, तरीही रोलरखालचा यांच्या बाजूने लिहितोय. हिशेब मांडतो, साहेबांपुढे जसाच्या तसा ठेवा.

३०० किलोवॅटचं इंजिन पूर्ण लोडवर धरा. डिझेल तासाला साधारण ६० किलो, म्हणजे आत जाणारी उष्णता ७०० किलोवॅटच्या थोडी वर. ३०० चाकांकडे गेली. २०० च्या आसपास धुरासोबत टनेलमध्ये गेली, ती आपली डोकेदुखी नाही. उरली १८० रेडिएटर आणि इंटरकूलरमधून, तीसेक इंजिनाच्या अंगातून, वर गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर मिळून आणखी तीस-पस्तीस. ही सगळी चेंबरमध्ये सांडते. मग समोरचा पंखा. ताशी ८० किलोमीटरचा वारा ट्रकच्या तोंडाएवढ्या झोतातून सोडायचा तर मोटर शंभर किलोवॅटच्या घरात जाते, आणि पंख्याने हवेला दिलेली प्रत्येक किलोवॅट शेवटी उष्णताच होते. हे लोक विसरतात. भिंती, दिवे, बाहेरून घ्यावी लागणारी हवा धरून ३८० च्या आसपास, म्हणजे १०८ टन रेफ्रिजरेशन.

हे १०८ टन उणे ७ च्या खोलीत द्यायचे तर कॉईल उणे १५-१७ ला चालवावी लागते. उणे ३० च्या खोलीत कॉईल उणे ४० ला. तोच कॉम्प्रेसर उणे ४० ला चालवला की साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच थंडी देतो. म्हणजे तिप्पट कॉम्प्रेसर, किंवा दोन टप्प्यांचा प्लांट. कोटेशनमध्ये उणे ३० लिहिलंय ते कोणत्या लोडला, हे विचारा. इंजिन बंद असताना उणे ३० कुणीही देईल. इंजिन चालू, पंखा पूर्ण वेगात, तासभर, असं लिहून मागा आणि मग किंमत कशी बदलते ते बघा.

आता पाण्याचा मुद्दा, जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. हे इंजिन तासाला दीड टन हवा ओढतं. तेवढी हवा बाहेरून आत घ्यावीच लागते. जुलैत आपल्याकडे हवेत किलोमागे १७-१८ ग्रॅम पाणी असतं, उणे ७ च्या हवेत मावतं जेमतेम दोन ग्रॅम. राहिलेलं जाणार कुठे? तासाला बावीस-चोवीस किलो बर्फ कॉईलवर. जुन्या फ्रिजच्या कप्प्यासारखी कॉईल भरते, हवा अडते, तापमान चढतं, आणि ऐन चाचणीत डीफ्रॉस्ट मारावा लागतो. उपाय एकच, ताजी हवा आधी डेसिकंट व्हीलमधून (ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकातून) कोरडी करून मगच आत सोडायची. हे यंत्र कोटेशनच्या शेवटच्या पानावर ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेलं असेल. आपल्या हवेत ते ऐच्छिक नाही.

आणि टनेलची पातळ करायची हवा चुकूनही चेंबरमधून घेऊ नका. टनेल मिनिटाला शंभर घनमीटर ओढत असेल तर ती इंजिनाच्या तिपटीहून जास्त हवा झाली. एवढी महाग थंड केलेली हवा धुरात मिसळून छपरावर सोडायची! असं बांधलेलं चेंबर मी पाहिलंय. मालक अजून वीजबिल भरतोय.

घाटमाथा

हा हिशेब सेव्ह करून ठेवला. पंख्याची उष्णता खरंच लक्षात आली नव्हती.

मिशिगनकर

थोडा विरोधी सूर लावतो. मूळचा साताऱ्याचा, सध्या डेट्रॉइटजवळ डिझेल आफ्टरट्रीटमेंटमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यांच्या कामात.

पहिलं, थंडीला इतकं हलक्यात घेऊ नका. युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण उणे ११ ला गोठतं. उणे १० वर थांबलात तर नेमक्या त्या घटनेच्या एक पायरी आधी थांबलात. टाकीतली हीटर कॉईल, नळ्यांची तारेची गुंडाळी, पंप उलटा फिरवून नळी रिकामी करणं, यातलं काहीच तपासता येणार नाही. लेह-कारगिलला ट्रक जातात, लष्कराच्या गाड्या असतात, निर्यातीच्या गाड्या असतात. हे ग्राहक तुम्ही सोडून देणार का?

दुसरं, मोजण्याची साधनं. अमेरिकेत ईपीएने (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने) डिसेंबर २०२२ मध्ये नियम पक्का केला, त्यात २०२७ च्या मॉडेलपासून नॉक्स ०.०३५ ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तास. युरोपात युरो-७ चं विनियमन २०२४ मध्ये झालं, अवजड वाहनांच्या नव्या मॉडेलना मे २०२८ पासून लागू. त्यात नॉक्स ०.२ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइडलाही स्वतंत्र मर्यादा, आणि कण मोजायचे ते २३ ऐवजी १० नॅनोमीटरपासून. बीएस-७ केव्हाही आलं तरी वारा त्याच दिशेचा असणार. त्यामुळे अ‍ॅनलायझर, कण मोजणी आणि तापवलेल्या सॅम्पल लाइनसाठी जागा, वीज आणि भिंतीतली भोकं आत्ताच ठेवा. यंत्र नंतर घेता येतं, पफ पॅनलला नंतर भोक पाडलं की तिथून कायम पाणी झिरपतं.

तिसरं, साहेबांना उदाहरण हवं असेल तर बर्फाच्या फोटोऐवजी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची रिव्हरसाइडची प्रयोगशाळा दाखवा. एल मॉन्टेची जुनी हागेन-स्मिट प्रयोगशाळा कमी पडायला लागली म्हणून बांधली, २०२१ मध्ये सुरू झाली. अवजड वाहनांच्या डायनोला तिथे मोठी जागा दिलीय. पैशाचा एक भाग डिझेल गाड्यांच्या चाचणीत लबाडी करणाऱ्या फोक्सवॅगनच्या दंडाच्या रकमेतून आला, हा काव्यगत न्याय मला फार आवडतो. अवजड वाहनांचं प्रकरण तर त्याच्याही आधीचं. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने सात डिझेल इंजिन उत्पादकांशी तडजोड केली. चाचणीत नॉक्स कमी आणि महामार्गावर जास्त, असं सॉफ्टवेअर होतं. रस्त्यावर मोजायची साधनं त्यानंतरच जोमाने विकसित झाली.

रोलरखालचा

@मिशिगनकर, उणे ११ चा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला अख्खा ट्रक लागत नाही. युरियाची टाकी, पंप, नळ्या, इंजेक्टर एवढं एका छोट्या कोल्ड बॉक्समध्ये मावतं. तो बॉक्स उणे ४० पर्यंत नेला तरी चेंबरच्या किमतीपुढे किरकोळ. ट्रकची बाकी धातूची काया गोठवून मला युरियाबद्दल नवीन काय कळणार?

आणि लेहचं म्हणाल तर तिथे थंडीइतकाच दाबाचा प्रश्न आहे. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांवर येतो, टर्बो धापा टाकतो, ईजीआरचं (थोडा धूर परत इंजिनात सोडून नॉक्स कमी करायची व्यवस्था) सगळं गणित बदलतं. आमच्या चेंबरमध्ये दाब पुण्याचाच राहणार. फक्त उणे ३० देऊन लेह झालं असं म्हणणं म्हणजे निम्मं लेह. त्यापेक्षा हिवाळ्यात पेम्स घेऊन खरंच वर जावं. पोरं आनंदाने जातील.

भिंतीतल्या भोकांचं मात्र लगेच टिपून घेतलं.

चांदा_४७

चंद्रपूरचा आहे, कोळशाच्या वाहतुकीत. इतकी चर्चा थंडीवर काहून चाललीय बाप्पा?

आमच्या इकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा नेहमीचा. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश झालं होतं. खाणीतून ट्रक भरून निघतो, चढ असतो, वेग पंधरा-वीसचा, म्हणजे रेडिएटरला वाराच नाही. पंखा सतत ओरडतो. आता त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ (साडेतीन टनांवरच्या) ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं, ड्रायव्हर माणूस आहे. पण त्या एसीचा कंडेन्सर बसवला कुठे? बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्याच तोंडासमोर. म्हणजे इंजिनाला मिळणारी हवा आणखी गरम.

अशा वेळी इंजिन स्वतःला वाचवतं. ईजीआर कमी करतं, ताकद कापतं. नॉक्सचं काय होतं ते तुम्ही लोक सांगा, मला फक्त चढावर गाडी मरगळलेली कळते. कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं तर म्हणतो चाचणी २५ अंशांना झालीय. आता पंचवीस अंश आमच्या इकडे मे महिन्यात कुठे शोधायचे?

रोलरखालचा

हेच. अगदी हेच.

आत येणारी हवा गरम म्हणजे ज्वलनाचं शिखर तापमान वाढतं, नॉक्स वाढतं. ईजीआर कमी झाला की आणखी वाढतं. एससीआर गरम असतो म्हणून बराचसा भार तो उचलतो, पण अमोनिया सांभाळून किती युरिया मारायचा याचा नकाशा कंपनीने कोणत्या तापमानाला शिकवलाय त्यावर सगळं अवलंबून. युरोपच्या पेम्स नियमात समुद्रसपाटीला ३८ अंशांच्या वरचा प्रवास धरतच नाहीत. ब्रुसेल्समध्ये बसून ३८ ही टोकाची हवा वाटत असेल. चांद्याला ती मे महिन्यातली संध्याकाळ आहे.

म्हणून माझ्या यादीत ५० अंश, छतावर सूर्यप्रकाशाचे दिवे आणि ताशी १० किलोमीटरपर्यंत नेमका खाली आणता येणारा पंखा. मोठा वारा देणं सोपं, मंद वारा सगळीकडे सारखा देणं अवघड. आणि चढावर रांगणारा ट्रक नेमका मंद वाऱ्यातच गरम होतो.

फिल्टरताई

माझी खोली सगळ्यात लहान, बजेटमध्येही शेवटी. वजनाची खोली.

कणांची मर्यादा आहे १० मिलिग्रॅम प्रति किलोवॅट-तास. डीपीएफ (गाडीतला कण अडवणारा फिल्टर) चांगला असेल तर फिल्टरवर प्रत्यक्ष बसतो तो थर काही दहा मायक्रोग्रॅमचा. ४७ मिलिमीटरची पांढरी चकती, चाचणीनंतरही बऱ्याचदा पांढरीच. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे निकाल. या फरकापेक्षा जास्त गडबड एकटी दमट हवा करू शकते. म्हणून नियम सांगतो: खोली २२ अंश, एक अंश इकडेतिकडे. दवबिंदू ९.५, तोही एक अंश इकडेतिकडे. बाहेर जुलैतला दवबिंदू २१-२२. म्हणजे खोलीची हवा आधी साडेनऊपर्यंत थंड करून पाणी काढायचं, मग परत तापवून २२ ला आणायची, रात्रंदिवस, कारण संदर्भ फिल्टर हलले की त्या दिवसाची वजनं बाद.

आमच्याकडे (दुसरी संस्था, तीही निनावी) चेंबरला नवं चिलर आलं आणि माझी खोली त्याच पाण्याच्या लाइनवर जोडली. चेंबर उणेवर जायला लागलं की माझा दवबिंदू उड्या मारतो. स्वतंत्र छोटी सिस्टिम द्या, लाखांतलं काम आहे. बाहेर एक मधली खोली द्या, दोन दारं एकदम उघडणार नाहीत अशी. आणि कपडे! सिंथेटिक ओढणी घालून तराजूजवळ गेलं की आकडा नाचतो, स्थिर विजेमुळे. मी दारावर सुती एप्रन टांगून ठेवलेत, साहेबांनाही घालावा लागतो.

आणखी एक. टनेलमध्ये मिसळायची ‘स्वच्छ हवा’ घेता कुठून? आमचा झरोका महामार्गाच्या बाजूला आहे. संध्याकाळी रांग लागली की हवेतच नॉक्स वाढलेलं. ते मोजून वजा करतात, पण गाडीचा धूर जितका स्वच्छ होत जातो तितकी ही वजाबाकी भारी पडते. ०.२ च्या गोष्टी करत असाल तर झरोका मागच्या बाजूला न्या आणि कोळशाचे फिल्टर लावा.

भोसरी_चिलर

@फिल्टरताई, शब्द न् शब्द खरा. वेगळीच सिस्टिम हवी.

चिलरमध्ये फिरणाऱ्या वायूबद्दल लिहायचं राहिलं. जुन्या चेंबरमध्ये बहुतेक आर-४०४ए असेल. त्याची जागतिक तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३९२२ पट. असे वायू कमी करायचा किगाली करार भारताने २०२१ मध्ये मान्य केला, आपल्यासाठी वापर गोठवण्याचं वर्ष २०२८, कपात २०३२ पासून. आज त्या वायूवर नवा प्लांट घेतलात तर तो अर्धं आयुष्य जगायच्या आत गॅस महाग आणि दुर्मिळ होईल. उत्सर्जन मोजायची प्रयोगशाळा असला वायू गळू देतेय, हे दिसायलाही बरं नाही.

अमोनिया स्वस्त आहे, कार्यक्षम आहे, आपल्या शीतगृहवाल्यांचा हात त्यावर बसलेला आहे. पण तुमच्या बाबतीत एक गोम आहे. बीएस-६ ला धुरातला अमोनिया सरासरी १० पीपीएमच्या आत हवा, आणि तो तुम्ही मोजता. चेंबरमधल्या कॉईलमधून किंचित अमोनिया गळला तर इंजिन तोच ओढणार, आणि तुम्ही आठवडाभर ट्रकच्या एससीआरला दोष देत बसणार. तेव्हा अमोनिया बाहेरच्या प्लांट रूममध्येच ठेवा आणि चेंबरमध्ये कमी तापमानाला वाहणारा ब्राइन (सहज न गोठणारं द्रावण) फिरवा. मध्ये एक हीट एक्स्चेंजर वाढतो, काही अंशांचा तोटा होतो. उणे १० ला तो परवडतो. उणे ३० ला ब्राइन घट्ट होतो, पंप मोठे होतात आणि गणित फिसकटतं. उणे १० वर थांबायचं हे आणखी एक कारण.

आणि जमिनीखाली हीटर टाका. चेंबर महिनोन्‌महिने उणेवर राहिलं की खालची ओल गोठून फरशी वर येते. शीतगृहात हे आम्ही भोगलंय. तुमच्याकडे तर फरशीत रोलर आहेत, एका बाजूने दोन मिलिमीटर उचललं तरी बोंब.

हिशेबी_माणूस

मी खर्चाकडून बघतो. उणे किती हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा. पहिला प्रश्न: दिवसाला चाचण्या किती होतात?

रोलरखालचा

@हिशेबी_माणूस, नेमकं दुखणं धरलंत. थंड चाचणीआधी ट्रक त्या तापमानाला मुरावा लागतो, आम्ही त्याला सोक म्हणतो. कारला रात्र पुरते. ट्रकच्या इंजिनात चाळीसेक लिटर तेल, टनभर ओतीव लोखंड, मोठा गिअरबॉक्स, दोन डिफरन्शियल. बाहेरून सगळं गार दिसतं आणि तेलाच्या चेंबरमधला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वेगळंच सांगत असतो. तोवर डायनो रिकामा, चिलर चालू, माणसं चहा पितायत. एक चाचणी अर्ध्या तासाची आणि खोली अडून राहते दिवसभर.

शेजारी सोक रूम बांधली तर दोन ट्रक तिथे मुरतील, एक रोलरवर. सोक रूमला पंखा नको, इंजिनाची उष्णता नाही, छोटं चिलर पुरतं. फक्त मधला दरवाजा आणि ट्रक इंजिन चालू न करता ओढून आणायची सोय हवी. इंजिन चालू करून आत आणला तर थंड स्टार्ट दारातच संपला! उणे ३० च्या जादा पैशात सोक रूम होते असा माझा अंदाज आहे, आकडे मागवलेत.

हिशेबी_माणूस

मग वाद संपला. दिवसाला एकाच्या दोन चाचण्या होत असतील तर साहेबांना बर्फाचा फोटो विसरायला लावणं माझ्याकडे लागलं.

विजेचं सांगतो. एडी करंट काढून एसी मोटरचा डायनो घ्या. ३०० किलोवॅटचा ट्रक पूर्ण लोडवर असताना सगळी गळती जाऊन दोनशेच्या वर किलोवॅट वीज परत येईल. ती महावितरणला विकायच्या भानगडीत पडू नका, आपल्याच बसबारवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या आतल्या वीजजोडणीवर, सोडा. उणे ७ ला तुमचा चिलर साधारण तेवढीच वीज खातो. ट्रक पळतोय तोवर स्वतःची थंडी स्वतःच भागवेल. प्रत्यक्ष चक्रात सरासरी लोड बराच कमी असतो, तेव्हा बचत या मापाने धरू नका, पण कमाल मागणीचा आकार नक्की खाली येईल.

जुना_टेस्ट_ड्रायव्हर

सगळे साहेब लोक बोलून झाले, आता ज्याला आत बसायचंय त्याचं ऐका.

एक. रोलरवर मागची चाकं पळतात, पुढची उभी. आजकालच्या गाडीचा एबीएस म्हणतो काहीतरी बिघडलं, दिवा पेटवतो, काही गाड्या ताकदच कापतात. कंपनीकडून डायनो मोड आधी लिहून घ्या, नाहीतर पहिला दिवस फोनवर जातो.

दोन. टायर. गोल रोलरवर टायर सपाट रस्त्यापेक्षा जास्त दबतो, जास्त तापतो. ५० अंशांत तासभर लोडवर रिट्रेड टायर चालवायचा नाही म्हणजे नाही. पट्टा सुटून भिंतीवर बसलेला पाहिलाय. टायरवर थंड हवेचा झोत आणि तापमान दाखवणारा कॅमेरा द्या.

तीन. ठरलेल्या वेगांचं ते जागतिक चाचणी-चक्र, चेसिस डायनोवरचं, ताशी ८७.८ किलोमीटरपर्यंत जातं. आपल्या ट्रकला ८० चा स्पीड गव्हर्नर. पडद्यावरची रेघ वर जाते, मी पाय पूर्ण दाबून बसतो, गाडी ८० ला अडते आणि संगणक मला नापास करतो. चक्र आधीच ८० ला कापून घ्या.

चार. थंड खोलीत रोलरचं बेअरिंगही थंड असतं, ग्रीस घट्ट. सकाळी कॅलिब्रेशन न करता चालवलं तर ट्रकला जास्त ओढावं लागतं आणि डिझेल जास्त लागल्याचं खापर माझ्या पायावर. प्रत्येक तापमानाला रोलर गरम करून वेगळं कॅलिब्रेशन हवं. रोबोट ड्रायव्हर आणणार असं ऐकतोय. आणा. ५० अंशांत त्यालाच बसवा.

मिशिगनकर

बेअरिंगचा मुद्दा लाखमोलाचा. आणि उणे ३० चं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण कोल्ड बॉक्सची वाट मला चालेल. फक्त पॅनलची जाडी आणि चिलरची जागा अशी ठेवा की पुढे दुसरा टप्पा जोडता येईल.

सीएनजी, एलएनजी आणि हायड्रोजनचं काय? मिथेनचा ५ टक्क्यांपासून स्फोट होऊ शकतो, हायड्रोजनचा ४ पासून, आणि दोन्ही वर चढतात. सेन्सर आणि हवा बाहेर टाकायची तोंडं छताला हवीत. सूर्यप्रकाशाचे दिवेही छतालाच लावताय, तेव्हा ते गॅस पेटवणार नाहीत अशा दर्जाचे आहेत का ते बघा. हायड्रोजन इंजिनाच्या धुरात पाणीही भरपूर असतं, टनेल तापता ठेवावा लागेल.

रोलरखालचा

दिव्यांचं आणि हायड्रोजनचं भांडण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुरवठादाराला आजच विचारतो.

साहेबांपुढे जाणारा मसुदा असा: उणे १० ते अधिक ५०, दोन्ही टोकं इंजिन चालू असताना. डेसिकंट मूळ किमतीत. शेजारी दोन ट्रकची सोक रूम. एसी डायनो, मागच्या दोन्ही आसांना रोलर, ५५ टनांपर्यंतचं जडत्व. अमोनिया बाहेर, ब्राइन आत. फिल्टरताईंच्या मताने वजनखोली स्वतंत्र. युरियासाठी कोल्ड बॉक्स. उणे ३० ‘पुढचा टप्पा’ म्हणून, जागा राखून.

दरवाजा मात्र ठरत नाहीये. मालवाहू गाडीची उंची ४ मीटरपर्यंत, म्हणून साडेचार मीटरचं दार धरलंय.

घाटमाथा

अहो, मुंबईत बेस्टच्या नव्या डबल डेकर फिरतायत, इलेक्ट्रिक आणि एसी. डबल डेकरला ४.७५ मीटर उंचीची मुभा आहे. ४५ अंशांत वरच्या मजल्यावर एसी किती बॅटरी खातो हे तपासायला उद्या कुणीतरी तुमच्याच दारात येणार.

रोलरखालचा

पाच मीटर करतो. क्रेनचा गर्डर मध्ये येतोय, तो सरकवता येईल का ते सिव्हिलवाल्यांना विचारून इथेच लिहितो.